हत्थाजोडी, हत्ती आणि खच्ची

आजचा विषय आहे नराच्या जननेंद्रियांचा इतिहास. म्हणजे सस्तन प्राण्यांत ही इंद्रियं कशी घडत गेली, कुठून कुठे सरकली, आणि त्या सरकण्यामुळे माणसाच्या इतिहासात काय काय घडलं. घरातली मुलं शेजारी बसली असतील तर बसू द्या. मी प्राणिशास्त्र शिकवते आणि हा धडा वर्गात दरवर्षी घेते. खिदळणं पहिली पाच मिनिटं चालतं, मग थांबतं.

आपली खरी अडचण शब्दांची आहे. मराठीत या अवयवांसाठी दोनच प्रकारचे शब्द उरलेत: डॉक्टरांचे आणि शिव्यांमधले. मधले साधे शब्द वापरायचा प्रयत्न र. धों. कर्वे यांनी केला. 1927 ते 1953 अशी सव्वीस वर्षं त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. मासिकात वाचकांच्या शंकांना सरळ उत्तरं दिली, हा त्यातला गुन्हा. मी आज वृषण म्हणणार आहे, शिश्न म्हणणार आहे, आणि ज्या पिशवीत वृषण असतात तिला कोश म्हणणार आहे. बस.

सुरुवात मात्र सस्तन प्राण्यापासून करता येत नाही. सुरुवात घोरपडीपासून करावी लागते, आणि त्याचं कारण माझ्या आसपासच आहे. माझं माहेर अमरावतीचं, पण नोकरीमुळे मी राहते चौमूंला. जयपूरहून सीकरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे जुनं ठिकाण्याचं गाव. इकडे आणि एकूणच उत्तर हिंदुस्थानात पूजेच्या सामानाच्या, जडीबुटीच्या व्यवहारात ‘हत्थाजोडी’ नावाची वस्तू चालत आलीय. बोटाएवढी, काळपट, वाळलेली, जोडलेल्या दोन हातांसारखी दिसणारी. शेंदूर आणि लवंगांसोबत डबीत ठेवायची. धन येतं, वशीकरण होतं, खटला जिंकता येतो, असं सांगतात. विकणारा म्हणतो, डोंगरातल्या एका दुर्मिळ वनस्पतीचं हे मूळ आहे.

ते मूळ नाही. 2017 साली वर्ल्ड अ‍ॅनिमल प्रोटेक्शन या संस्थेने भारतीय वन्यजीव कार्यकर्त्यांसोबत हा व्यापार उघड केला. इंटरनेटवरच्या मोठमोठ्या बाजारांत ही वस्तू विक्रीला होती. हत्थाजोडी म्हणजे नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय. जोडी दिसते, कारण ती खरोखरच जोडी असते.

आपल्याकडे घोरपड म्हटलं की लोकांना सिंहगड आठवतो. तानाजीने यशवंती नावाच्या घोरपडीला दोर बांधून कडा चढला, ही दंतकथाच. समकालीन कागदात तिला आधार नाही. तरी घोरपडे हे आडनाव आहे, घोरपडीच्या चिकाटीचं कौतुक आहे, आणि त्याच प्राण्याला मारून त्याचं इंद्रिय देव्हाऱ्यात ठेवणंही आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या शेजारी बसते. तिचा अवयव विकला तर तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे. राजस्थानात याच जातीचा दुसरा धंदा म्हणजे सांडे का तेल. वाळवंटातल्या सांडा नावाच्या सरड्याची चरबी काढून पुरुषांच्या ताकदीसाठी विकतात. त्या चरबीत इतर चरबीपेक्षा वेगळं काही नाही. बिचाऱ्या सरड्याचा गुन्हा एवढाच की त्याची शेपूट जाड आहे.

आता प्रश्न असा की घोरपडीला दोन का आणि आपल्याला एकच का?

घोरपड, सरडा, साप यांच्या नरांना शेपटीच्या बुडाशी दोन इंद्रियं असतात. मोज्याचा बोटाकडचा भाग आत ओढून घ्यावा तशी ती उलटी होऊन आत असतात आणि एका वेळी एकच बाहेर येतं. 2014 साली हार्वर्डमध्ये पॅट्रिक त्शोप, क्लिफर्ड टॅबिन आणि सहकाऱ्यांनी भ्रूणांचा अभ्यास करून याचं कारण दाखवलं. साप-सरड्यांत हा अवयव मागच्या पायांच्या अंकुराशी नातं असलेल्या पेशींतून घडतो. पाय दोन, म्हणून इंद्रियं दोन. सापाचे पाय गेले, पण ही जोडी राहिली. उंदरात, म्हणजे सस्तन प्राण्यांत, तोच अवयव शेपटीच्या अंकुराजवळच्या पेशींतून येतो. हा फरक कुठून येतो? मलमूत्राच्या आणि जननाच्या सामाईक दाराची जागा भ्रूणात थोडी पुढे-मागे सरकलेली असते. दार ज्यांच्या शेजारी, त्या पेशींना ते कामाला लावतं.

मग हे दोन वेगळे शोध आहेत की एकाच जुन्या शोधाच्या दोन फांद्या? याचं उत्तर एका कपाटात पडून होतं. न्यूझीलंडमध्ये तुआतारा नावाचा सरपटणारा प्राणी आहे, सरड्यांचा फार दूरचा नातेवाईक. प्रौढ नराला शिश्न नसतंच. दार दाराला टेकवून काम होतं. काहींचं म्हणणं होतं की मूळ पूर्वज असाच होता आणि शिश्न नंतर पुन्हा पुन्हा वेगवेगळं उपजलं. तपासायला तुआताराचे भ्रूण हवेत, आणि तो इतका संरक्षित की नवे भ्रूण मिळणं अशक्य. पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गोळा करून, पातळ काप करून काचेवर चिकटवलेले भ्रूण हार्वर्डच्या संग्रहात होते. थॉमस सँगर, मार्टिन कोन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये ते काप संगणकावर एकमेकांवर रचून भ्रूण पुन्हा उभा केला. त्यात पायांच्या बुडाशी दोन छोटे उंचवटे दिसले. म्हणजे अवयव सुरू होतो आणि पुढे विरून जातो. कोंबडीच्या नर पिल्लातही नेमकं हेच घडतं. त्यावरून असं दिसतं की आपला आणि घोरपडीचा जो सामाईक पूर्वज सुमारे 32 कोटी वर्षांपूर्वी होता, त्याच्याकडे हा अवयव होता. जमिनीवर अंडी घालायची तर कवच चढण्याआधी बीज आत पोचायला हवं. पाण्यात सोडून भागत नाही. गरज स्पष्ट होती.

सस्तन प्राण्यांतही जुन्या खुणा आहेत. ऑस्ट्रेलियातला एकिडना अंडी घालतो आणि त्याच्या शिश्नाला चार टोकं असतात. एका वेळी दोनच वापरतो. कांगारूच्या भाईबंदांपैकी अनेकांत ते टोकाला दुभंगलेलं असतं, आणि गंमत म्हणजे त्यांची वृषणांची पिशवी शिश्नाच्या पुढे असते, आपल्यासारखी मागे नाही. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की पिशवी दोन वंशांत स्वतंत्रपणे उपजली असावी. कुत्र्याला, अस्वलाला, बहुतेक माकडांना शिश्नात हाड असतं. माणसाला नाही; आपलं सगळं रक्ताच्या दाबावर चालतं. म्हणूनच त्या बाबतीतली तक्रार ही पुष्कळदा मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाची पहिली सूचना असते. अशा वेळी डबीतल्या जोडीपेक्षा साखर तपासलेली बरी.

आता वृषणांकडे येऊ. माझ्या मते खरी कादंबरी इथे आहे.

मासे, बेडूक, साप, पक्षी, सगळ्यांचे वृषण पोटात. सुरक्षित. आणि आपण एवढी मोलाची वस्तू दोन पायांच्या मधे, कातडीच्या पिशवीत, बाहेर लटकवली. ॲरिस्टॉटलला हे कोडं पडलं होतं. त्याचं उत्तर असं की वृषण म्हणजे वजनं. मागावर विणणाऱ्या बायका धागे ताणलेले राहावेत म्हणून दगड बांधतात ना, तशी बीजाच्या नळ्या ताणून धरणारी. उत्तर चुकलं. पण माणूस निरीक्षणाला पक्का होता: हत्तीचे वृषण बाहेर दिसत नाहीत, आत मूत्रपिंडांजवळ असतात, हे त्याने लिहून ठेवलंय आणि ते खरं आहे.

आपलेही सुरुवातीला तिथेच असतात. मुलगा आईच्या पोटात असताना वृषण मूत्रपिंडांच्या शेजारी तयार होतात, मग खाली सरकतात, आणि सातव्या महिन्याच्या आसपास जांघेतून वाट काढून पिशवीत उतरतात. त्यांना वाट दाखवणारा एक दोरीसारखा भाग असतो. लंडनच्या जॉन हंटरने 1762 मध्ये त्याचं वर्णन केलं आणि त्याला लॅटिनमध्ये सुकाणू असं नाव दिलं. या प्रवासाच्या खुणा अंगावर राहतात. वृषणाला रक्त पुरवणारी धमनी आजही थेट पोटातून, मूत्रपिंडाजवळून निघते. क्रिकेटचा चेंडू खाली लागतो आणि पोटात कळ येते ती म्हणूनच. शुक्रवाहिनी सरळ जवळच्या वाटेने न जाता वर पोटात शिरते, मूत्रवाहिनीला वळसा घालते आणि मग खाली येते. बाग झाडताना नळी झाडाला गुंडाळली गेली आणि सोडवायचा कंटाळा केला, असा प्रकार. आणि जांघेत जी वाट पडली तिथे भिंत कच्ची राहते. अंतर्गळ, ज्याला आपण हर्निया म्हणतो, तो पुरुषांत इतका जास्त होतो त्याचं कारण हीच वाट.

एवढी किंमत मोजून बाहेर का यायचं? 1920 च्या दशकात शिकागोच्या कार्ल मूर याने प्रयोग केले. गिनीपिगचे वृषण परत पोटात ढकलले तर बीज तयार होणं बंद पडलं; मेंढ्याचा कोश उबदार गुंडाळला तरी तेच. माणसाचे वृषण शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंड असतात, आणि त्यांना जाणारं गरम रक्त परत येणाऱ्या थंड रक्ताच्या जाळ्यातून गाळून जातं. तेव्हा थंडावा हवा, हे पक्कं. पण पक्ष्यांचं अंग आपल्याहून गरम असून त्यांचे वृषण पोटात मजेत चालतात. डॉल्फिनचे पोटातच आहेत. त्याने शेपटीतून आणि पाठीच्या पंखातून थंड रक्त आणून भोवती फिरवायची सोय केलीय. म्हणून दुसरा पक्ष म्हणतो, थंडावा ही नंतरची सवय आहे. आधी कारण वेगळं होतं. उड्या मारणाऱ्या, चौखूर धावणाऱ्या प्राण्याच्या पोटात दाब भयंकर वाढतो आणि नळीतलं बीज बाहेर फेकलं जाईल, म्हणून ते पोटाबाहेर काढलं. हत्ती उडी मारत नाही, हे इथे लक्षात घ्या. वाद मिटलेला नाही. मला स्वतःला दाबाचा मुद्दा आवडतो, पण आवडणं म्हणजे पुरावा नव्हे.

दारातले प्राणी पाहिले तरी एकच एक नियम नाही हे कळतं. खारीचे वृषण विणीच्या काळात उतरतात आणि एरवी आटून वर जातात. चिचुंद्रीला लोंबती पिशवीच नाही. उंटाची पिशवी उंच, शेपटीखाली घट्ट, आणि शिश्न विश्रांतीत मागे वळलेलं, म्हणून उंट मागे मुततो. चौमूंच्या रस्त्यावर उंटगाड्याच्या मागे स्कूटर लावणाऱ्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही.

मग हत्ती जुन्या वळणाचा म्हणायचा का, की आपल्या पूर्वजांचे वृषण असेच आत होते? बरीच वर्षं हा प्रश्न लोंबकळत होता, कारण मऊ अवयवांचे जीवाश्म सापडत नाहीत. 2018 मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनला विराग शर्मा, मायकेल हिलर आणि सहकाऱ्यांनी जीवाश्म दगडात न शोधता जनुकांत शोधला. हंटरचं ते सुकाणू तयार व्हायला दोन जनुकं लागतात. हत्तीच्या नातेवाइकांपैकी चौघांत, म्हणजे मॅनाटी ही समुद्रगाय, मादागास्करचा टेनरेक, आफ्रिकेतला सोनेरी मोल आणि एलिफंट श्रू, यांच्यात वृषण अजिबात उतरत नाहीत. त्यांच्यात ही दोन्ही जनुकं सापडली, पण मोडकी, बंद पडलेली. पडक्या वाड्याचं जोतं दिसावं तशी. जोतं आहे म्हणजे वाडा होता. गर्भनाळेने पोसणाऱ्या सगळ्या सस्तन प्राण्यांच्या पूर्वजाचे वृषण खाली उतरत होते. या मंडळींनी ती रीत पुढे सोडली. ॲरिस्टॉटलच्या निरीक्षणापासून या उत्तरापर्यंत तेवीसशे वर्षं गेली.

आता इथून माणसाच्या इतिहासात येऊ. वृषण बाहेर आले म्हणजे हाताशी आले.

विदर्भात पोळ्याला ज्या बैलाला सजवतात, पुरणपोळी भरवतात, तो बैल निसर्गात नसतो. निसर्गात वळू असतो. गोऱ्ह्याला खच्ची केलं की बैल होतो. आंडील जनावर नांगराला जुंपणं अवघड. ते गाईच्या मागे जातं, दुसऱ्या नराला भिडतं. दगडा-लाकडाने ठेचणं ही जुनी, क्रूर रीत. पुढे कातडी न फाडता आतली नळी चिरडणारा बर्डिझो चिमटा आला. पण मुद्दा असा, की वृषण पोटात असते तर शेतकऱ्याला हे करताच आलं नसतं. नांगर, मोट, बैलगाडी, घाण्याचा बैल, हजारो वर्षांची आपली सगळी शेती एका शारीरिक अपघातावर उभी आहे. मराठी भाषेवरही त्याचा ठसा आहे: कुणाचा उत्साह मोडला की आपण म्हणतो, खच्चीकरण केलं.

उलट बाजू पाहायची तर आमच्याकडून आमेर फार दूर नाही. किल्ल्यावर पर्यटकांना नेणाऱ्या हत्तींत जवळजवळ सगळ्या हत्तिणी आहेत. नर हत्ती मस्तीत येतो, म्हणजे कानशिलातून मद गळू लागतो, आठवडे-महिने तो कुणाचं ऐकत नाही, माहुताचंही नाही. त्याला खच्ची करायचं तर पोट उघडून मूत्रपिंडापर्यंत हात घालावा लागेल. म्हणून राजांच्या पिलखान्यात मस्तीवर उपाय एकच, जाड साखळदंड. वृषण उतरत नाहीत म्हणून हत्ती कधी पुरता पाळीव झाला नाही, असं मी म्हणेन. मंद गतीने वाढणं, पकडून आणावं लागणं, ही कारणं आहेतच. पण हेही आहे.

आणि माणूस? शुक्रवाहिनी पिशवीच्या कातडीखाली बोटांना लागते. म्हणून पुरुष नसबंदी दहा-पंधरा मिनिटांत, पोट न उघडता होते. ही सोय सरकारच्याही लक्षात आली. मुंबईत तर रेल्वे स्थानकांवर केंद्रं उघडली होती. मग आणीबाणी आली. 1976-77 या एका वर्षात देशात सुमारे 82 लाख नसबंद्या झाल्या, त्यांतल्या 62 लाख पुरुषांच्या, आणि किती जणांना धरून नेलं हे गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारा. महाराष्ट्र विधिमंडळाने 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. त्या जबरदस्तीने पुरुषांच्या मनात एक समीकरण पक्कं केलं: नसबंदी म्हणजे खच्ची. बैलाचं झालं तेच माझं होणार.

शरीराच्या दृष्टीने या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. वृषण दोन कामं करतात. बीज तयार करून नळीत सोडतात, आणि पुरुषपणाचं संप्रेरक तयार करून रक्तात सोडतात. खच्ची करताना कारखानाच बंद होतो. नसबंदीत फक्त नळी बंद होते. रक्तातलं संप्रेरक होतं तेवढंच राहतं, दाढी राहते, इच्छा राहते, ताकद राहते. वीर्यसुद्धा दिसायला तेवढंच, कारण त्यातला बहुतेक भाग वृषणांतून येतच नाही. एवढी गोष्ट न कळल्याने काय झालं पाहा: 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदी 37.9 टक्के आणि पुरुष-नसबंदी 0.3 टक्के. ज्याची नळी कातडीखाली आहे तो घरी बसतो आणि जिचं पोट उघडावं लागतं ती टेबलावर झोपते. याला मी लाज नाही म्हणणार, अन्याय म्हणेन.

यावरचा एक नवा मार्ग जयपूरमधून गेलाय. शुक्रवाहिनीत एक रसायन टोचायचं, ज्यातून जाताना बीज निकामी होतं. ही कल्पना आयआयटीच्या सुजय गुहा यांची. राजस्थान विद्यापीठात त्याचे प्रयोग लंगूर माकडांवर झाले. आमच्या छतावर पापड पळवणारं तेच काळतोंडं माकड. त्याची नळी आपल्यासारखीच बाहेर आहे. पुढे 303 पुरुषांवरच्या तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्या केंद्रांत जयपूरही होतं.

शेवटी एक कामाची गोष्ट, विशेषतः नव्या आई-वडिलांसाठी आणि आज्यांसाठी. उतरण्याचा तो प्रवास कधी कधी अर्धवट राहतो. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांपैकी साधारण तिघांत एक वृषण वरच अडकलेला असतो. बऱ्याच जणांत पहिल्या सहा महिन्यांत तो आपोआप खाली येतो. नाही आला तर पुढे बीज तयार होण्यावर परिणाम होतो आणि कर्करोगाचा धोकाही वाढतो. शस्त्रक्रिया छोटी आहे आणि ती दीड वर्षाच्या आत व्हायला हवी. तेव्हा बाळाला न्हाऊ घालताना कोमट पाण्यात हळूच हात लावून पाहा, दोन्ही लागतात का. लागत नसतील तर ‘मोठा झाला की येईल’ असं कुणी सांगितलं तरी सहा महिने झाल्यावर थांबू नका, बालरोगतज्ज्ञाला दाखवा.